नक्कल जळाली, मूळ उरलं

३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. लोखंड आणि काचेच्या त्या अवाढव्य इमारतीचा उत्तरेकडचा भाग खाक झाला. त्या भागात हिंदुस्थानातून आलेली तैलचित्रं टांगलेली होती. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या या पूर्णाकृती नकला मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानं आयुष्यातली जवळजवळ वीस वर्षं खर्ची घालून केल्या होत्या. त्यांतल्या चार-पाचच वाचल्या.

पुढं १२ जून १८८५ रोजी लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पुन्हा आग लागली. या वेळी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनं नव्यानं करून पाठवलेल्या अजिंठ्याच्या नकलांतल्या बऱ्याच जळाल्या. एकाच चित्रमालेच्या नकला दोनदा कराव्या लागल्या आणि दोन्ही वेळा त्यांतल्या कितीतरी साता समुद्रापलीकडं, मोठ्या बंदोबस्तात ठेवलेल्या असताना नष्ट झाल्या. वटवाघळं, धूर, पावसाचं झिरपणारं पाणी आणि माणसांचे हात सोसत मूळ चित्रं मात्र वाघोरा नदीच्या काठी आपल्या भिंतींवर होती.

पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांची नोंद कशी झाली आणि त्यांची राखण कशी सुरू झाली, याचा इतिहास या दोन आगींच्या आगंमागं पसरलेला आहे. नोंद आणि राखण या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो. अजिंठ्याला त्या दोन्हींच्या मध्ये जवळजवळ सत्तर वर्षं गेली.

अजिंठ्याचा ‘शोध’ २८ एप्रिल १८१९ रोजी लागला असं पाठ्यपुस्तकं सांगतात. जॉन स्मिथ हा घोडदळातला अधिकारी शिकारीला निघाला आणि त्याला दरीपलीकडं लेण्याची कमान दिसली, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. लेणी आसपासच्या लोकांना ठाऊक होतीच. तिथं गुरं बांधली जात, साधू-बैरागी मुक्काम करत, चुली पेटत. छतावर साचलेली काजळी त्याचीच. स्मिथनं नवीन काही केलं असेल तर ते एवढंच, की दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, बुद्धाच्या रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर त्यानं आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा पुरुषभर नाही तरी छातीभर गाळ साचलेला होता, म्हणून ते नाव आज उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं. अजिंठ्याची पहिली इंग्रजी नोंद ही अशी चित्रावरच ओरखडलेली आहे.

त्यानंतरची दोन दशकं हौशी पाहुण्यांची होती. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीशी संबंधित असलेले डॉ. जेम्स बर्ड सतराव्या लेण्याच्या ओसरीत गेले. तिथं भवचक्राचं मोठं चित्र आहे. त्यातल्या चार आकृती त्यांनी भिंतीवरून सोलून काढल्या. बरोबरच्या लोकांनी हरकत घेतली ती त्यांनी मानली नाही. हेतू वाईट नव्हता, संग्रहालयात ठेवण्यासाठी त्यांना नमुने हवे होते. पण अजिंठ्याची भिंत कशी बनलेली आहे ते त्यांना माहीत नव्हतं. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भुसा, गवताचे तंतू आणि बारीक वाळू, त्यावर चुन्याचा अंड्याच्या कवचाइतका पातळ हात, आणि रंग त्या कोरड्या थरावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून दिलेला. असा गिलावा सोलला की हातात येते ती माती. बर्डच्या आकृतींचं तेच झालं. पुढंही बक्षिशीच्या आशेनं पाहुण्यांच्या हातावर चित्राचा कपचा ठेवणारे लोक तिथं होतेच. अजिंठ्याच्या भिंतीचा असा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

१८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन अजिंठ्याला आला. कलकत्त्यात निळीच्या व्यापारात पैसा कमावून तो इमारतींच्या अभ्यासाकडं वळलेला होता. वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण त्याच्याकडं नव्हतं. नजर तयार होती. डोंगराच्या कड्याला नालेच्या आकारात कोरलेल्या लेण्यांना त्यानं एका टोकाकडून क्रमांक दिले. ‘सतरा नंबरचं लेणं’, ‘सव्वीस नंबरचं लेणं’ असं आपण आजही म्हणतो, ते त्याच क्रमांकांच्या चालीनं. हे क्रमांक जागेचे आहेत, वयाचे नाहीत. म्हणूनच सगळ्यात जुनी लेणी नऊ आणि दहा क्रमांकांची निघतात. १८४३ मध्ये फर्ग्युसननं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत हिंदुस्थानातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं झपाट्यानं जात आहेत, सगळी जाण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. सोसायटीनं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना गळ घातली. १८४४ मध्ये संचालकांचा हुकूम निघाला आणि गिलची नेमणूक झाली.

मराठी वाचकाला गिल ठाऊक आहे तो त्याच्या प्रेयसीमुळे, पारोमुळे. अजिंठा गावात पारोची कबर आहे, तिच्यावर १८५६ हे साल आहे. ना. धों. महानोरांनी या दोघांवर दीर्घकाव्य लिहिलं आणि त्यावरून चित्रपटही निघाला. त्या प्रेमकहाणीच्या आड गिलचं काम झाकलं गेलं. गावातल्या बारादरीत मुक्काम, तिथून घाट उतरून लेण्यांपर्यंतची रपेट, आतला अंधार, आग्या मोहोळाच्या माशा, तापाची साथ आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत केलेलं काम. तयार झालेली चित्रं लंडनला रवाना होत. १८६६ च्या आगीत ती गेली तेव्हा वाचलेल्या चार-पाच चित्रांखेरीज मागं राहिली ती एका इंग्रजी पुस्तकात आधीच छापून गेलेली काही लहानशी रेखाचित्रं.

तोवर गिलच्या हातात कॅमेरा आलेला होता. अजिंठा, वेरूळ आणि वऱ्हाडातलं लोणार इथले त्याचे फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनहून पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाले. एका माणसाची वीस वर्षांची चित्रं एका आगीत गेली आणि त्याच माणसाचे जोडधंद्यासारखे काढलेले फोटो अनेक ग्रंथालयांत आजही आहेत. छापलेली गोष्ट अनेक ठिकाणी असते, म्हणून ती टिकते. गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

इकडं मुंबईत वेगळं काम चाललं होतं. १८४८ मध्ये सरकारनं लेण्यांसाठी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते रेव्हरंड जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे. कार्ले, कान्हेरी, नाशिक, जुन्नर, घारापुरी, वेरूळ या साऱ्यांची एकत्र यादी प्रथमच तयार झाली. लेफ्टनंट ब्रेट शिलालेखांच्या प्रती उतरवत होता आणि विष्णुशास्त्री या पंडितांची मदत वाचनाला होती. पण लिपी न येणाऱ्या माणसानं नुसत्या डोळ्यांनी पाहून उतरवलेली अक्षरं कितपत बरोबर असणार? दगडावरची चीर त्याला मात्रा वाटते आणि खरी मात्रा त्याला चीर वाटते.

ही उणीव भरून काढली ती दोन भारतीयांनी. पहिले डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्याकडचं कुटुंब, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतली पदवी, मुंबईत मोठी वैद्यकी आणि त्यातून वेळ काढून प्राचीन लेखांचं वाचन. १८६३ च्या सुमारास त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून एशियाटिक सोसायटीपुढं मांडले. दुसरे भगवानलाल इंद्रजी. मूळचे जुनागढचे, इंग्रजी शिक्षण नाममात्र. गिरनारच्या शिलालेखानं लहानपणीच त्यांना वेड लावलं आणि भाऊ दाजींनी त्यांना मुंबईला बोलावून घेतलं. नाणेघाट, नाशिक, कार्ले, कान्हेरी इथले सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख त्यांनी अक्षर अन् अक्षर तपासून वाचले. १८८२ मध्ये नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात स्तूप उकलला तोही त्यांनीच. आतल्या दगडी करंड्यात एकात एक ठेवलेल्या डब्या आणि भोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातुमूर्ती मिळाल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं सांभाळला. लायडन विद्यापीठानं भगवानलालना मानद डॉक्टरेट दिली.

१८७४ पासून जेम्स बर्जेस पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा प्रमुख होता. त्याच्या काळात नोंदीला शिस्त आली. लेख डोळ्यांनी उतरवण्याऐवजी त्याचा ठसा घेण्यावर भर आला. कामाची रीत साधी आहे. दगड आधी ब्रशनं स्वच्छ करायचा, कोपऱ्याकोपऱ्यातली माती आणि शेवाळ काढायचं. ओला केलेला मऊ कागद त्यावर पसरून दाट केसांच्या ब्रशनं ठोकत राहायचं, कागद प्रत्येक अक्षराच्या खोलीत उतरेपर्यंत. मग कापडाच्या बोळ्यानं हलक्या हातानं शाई टिपायची. वरच्या सपाट दगडाला शाई लागते आणि खोलगट अक्षरं पांढरी राहतात. कागद वाळला की अलगद सुटतो. शाई जास्त झाली तर अक्षर बुजतं, कागद लवकर ओढला तर फाटतो. हे काम करणाऱ्याला लिपी आली नाही तरी चालतं, कारण इथं त्याच्या समजुतीला वावच नाही. जे दगडावर आहे तेच कागदावर येतं.

१८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि १८८१ मध्ये बर्जेस व भगवानलाल यांनी मिळून लेण्यांतले शिलालेख प्रसिद्ध केले. या छापील पानांचं मोल पुढं कळलं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या बाहेर डाव्या बाजूला वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. पावसानं त्यातली कितीतरी अक्षरं खाल्ली आहेत. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी जुनी वाचनं, जुने ठसे आणि प्रत्यक्ष दगड समोर ठेवून तो पुन्हा लावला, आणि १९६३ मध्ये त्यांचा वाकाटक लेखांचा बृहद्ग्रंथ पुरातत्त्व खात्यानं प्रसिद्ध केला. अजिंठ्याची वैभवशाली महायान लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, हे आज जे आपण ठामपणे सांगतो त्याचा पाया या वाचनांत आहे.

चित्रांची नशिबं मात्र वेगळी होती. गिलचं काम जळाल्यावर सरकारनं मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडं ते पुन्हा सोपवलं. १८७२ पासून हिवाळ्याच्या दिवसांत ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन फर्दापूरकडं येत. त्या विद्यार्थ्यांत पुढं नावारूपाला आलेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी होते. १८८५ पर्यंत हे काम चाललं आणि ते संपत आलं असतानाच साउथ केन्सिंग्टनची आग लागली. उरलेल्या नकलांवरून ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले. मुंबईच्या कलाशिक्षणात अजिंठ्याची रेषा रुजली ती या मोहिमांमुळं.

याच मोहिमांनी मूळ चित्रांवर एक डागही ठेवला. धुळीखालचे फिकट रंग नकलेसाठी नीट दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश लावलं गेलं. लावताक्षणी चित्र उजळतं, आणि नकलाकाराला तेवढंच हवं असतं. पुढं ते व्हार्निश पिवळं पडतं, तपकिरी होतं, धूळ धरतं आणि वाळून आकसताना खालचा रंग ओढून घेतं. अजिंठ्याची जी चित्रं काही पिढ्यांनी काळवंडलेली पाहिली, त्या काळेपणात काजळी होती तसं व्हार्निशही होतं. चित्र वाचवण्यासाठी त्याची नक्कल करायची होती. नक्कल चांगली व्हावी म्हणून चित्राला इजा झाली.

याचं कारण एकच. तोवर अजिंठ्यात आलेला प्रत्येक जण काही घेऊन जाण्यासाठी आला होता. कुणी कपचा नेला, कुणी नक्कल, कुणी फोटो, कुणी ठसा. काम संपलं की माणूस निघून जाई. पावसाळ्यात पाणी कुठून झिरपतं, गिलावा कुठं भिंत सोडतो आहे, वटवाघळं कुठून शिरतात, हे वर्षभर पाहणारं कुणी नव्हतं.

१९०४ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकं जतन करण्याचा कायदा झाला. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. पण कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. घाटाखालचा खानदेश इंग्रजांचा आणि लेणी निजामाच्या राज्यात. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुण चित्रकारांना आणि हैदराबादच्या सय्यद अहमद यांना बरोबर घेऊन पुन्हा एकदा नकला केल्या. जगाचं लक्ष अजिंठ्याकडं वळलं होतं आणि जबाबदारी कुणाची हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नव्हता.

१९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक. नकला करायला आलेले सय्यद अहमद पुढं लेण्यांचे अभिरक्षक झाले. पाहुणा म्हणून आलेला चित्रकार राखणदार म्हणून राहिला, ही अजिंठ्याच्या इतिहासातली खरी कलाटणी होय. १९२० मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं गेलं. दोन हिवाळे राहून त्यांनी भिंत सोडलेला गिलावा पक्का केला, सुटलेल्या कडा बांधल्या, काजळी आणि व्हार्निश काढण्याचा प्रयत्न केला. त्यांनी वरून दिलेला लाखेचा हातही पुढच्या पिढीला डोकेदुखी ठरला. तरीही त्यांच्यामुळं कितीतरी चौरस फूट चित्रं खाली पडायची थांबली. यझदानींनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरचे चार भाग प्रसिद्ध केले. त्यांच्या कारकिर्दीत जतन आणि नोंद ही दोन्ही कामं प्रथमच एका छपराखाली आली.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्यानं लेणी राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आली. खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी गेली कित्येक दशकं तळहाताएवढा भाग घेत घेत जुनी लाख आणि व्हार्निश उतरवलं आहे. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या थांबतात, तिथून बस नेते, चित्रांच्या लेण्यांत ठरावीक संख्येनंच लोकांना सोडतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत. रांगेत उभं राहून कंटाळलेला पर्यटक कुरकुरतो. माणसांच्या श्वासातली वाफ मातीच्या गिलाव्याला काय करते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अजिंठ्याला शेवटी राखणदार मिळाला, कारण अजिंठा अजिंठा होता. केंद्राच्या संरक्षित यादीत महाराष्ट्रातली पावणेतीनशेहून अधिक स्मारकं आहेत आणि १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली आणखी काही शे. केंद्रसंरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगी लागते. या याद्यांबाहेर गावोगावच्या वीरगळ आहेत, सतीशिळा, गधेगाळ, बारवा, पडकी शिवालयं, शेताच्या बांधावरचे लेख आहेत. जुन्या मराठी लेखांत मानानं गणला जाणारा अक्षीचा शिलालेख वर्षानुवर्षं अलिबागजवळ रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. शं. गो. तुळपुळ्यांनी १९६३ मध्ये प्राचीन मराठी कोरीव लेखांचा संग्रह केला म्हणून अशा दगडांवर काय लिहिलं आहे ते आपल्याला वाचायला तरी मिळतं. आज या दगडांचा शत्रू चोर नसतो. जीर्णोद्धाराचा ठराव, ऑइलपेंटचा डबा आणि मूर्ती लखलखीत करायला आणलेलं ॲसिड हे जास्त नुकसान करतात. डॉ. बर्डचा हेतूही चांगलाच होता.

तेव्हा गावात असा दगड असेल तर तो आहे तिथंच राहू द्या. त्याला रंग, शेंदूर, ॲसिड, सँडब्लास्टिंग यांपासून लांब ठेवा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा फोटो काढा, अक्षरं त्या वेळी उठून दिसतात. लांबी-रुंदी, जागा, गट क्रमांक लिहा आणि ती नोंद ग्रामपंचायत, तालुक्याचं ग्रंथालय आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं विभागीय कार्यालय अशा तीन ठिकाणी द्या. एकाच कपाटात राहिलेल्या नोंदीचं काय होतं ते लंडननं दोनदा दाखवलं आहे. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, भांडी, मूर्ती निघाल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. आणि एवढं सगळं झालं तरी काम अर्धंच झालं असं समजा. उरलेलं अर्धं काम म्हणजे दर पावसाळ्यानंतर त्या दगडाकडं एकदा जाऊन येणारं, त्याच गावातलं एक माणूस.